दमून घरी आल्यावरचं रात्रीचं जेवण: स्वयंपाकात नवीन असणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

कामावरून घरी आलं, पाय दुखतायत, डोकं चालत नाहीये आणि भूक तर कडकडून लागलीय, अशा वेळी सगळ्यात जड काय जातं तर "आज काय करायचं" हे ठरवणं. चिराचिरी, फोडणी, कुकर हे सवय झाली की होऊन जातं, पण फ्रीजचं दार उघडून नुसतं बघत उभं राहण्यात जो वेळ जातो ना तो सगळं बिघडवतो, कारण तेवढ्यात भूक एवढी वाढते की मग बिस्किटांचा पुडा संपतो नाहीतर बाहेरून मागवलं जातं. कधीतरी मागवायला काहीच हरकत नाही, पण रोजच तसं व्हायला लागलं की पोट कुरकुर करतं आणि महिनाअखेरीला खिसापण.

ज्यांनी नुकताच स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला घेतलाय, नोकरी नवीन आहे, शिफ्ट आहे, घरात तान्हं बाळ आहे किंवा कुणाचं आजारपण चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक शेगडी, एक कुकर, एक झाकण असलेलं जाड बुडाचं पॅन आणि एक धार असलेली सुरी, एवढ्यावर यातलं जवळजवळ सगळं होतं. सुरीला धार हवीच हवी, बोथट सुरीने कांदा चिरायला दुप्पट वेळ लागतो आणि ती निसटून बोट कापायची भीतीपण जास्त.

पायरी १: वाराप्रमाणे नाही, थकव्याप्रमाणे ठरवा

सगळीकडे सल्ला मिळतो की सुट्टीच्या दिवशी बसून आठवड्याचा मेनू लिहून काढा, सोमवारी हे, मंगळवारी ते. नवीन माणसाला माझं सांगणं आहे की हे आत्ता करू नका. बुधवारी तुम्ही किती दमणार आहात हे रविवारी कुणाला माहीत असतं? मेनूत लिहिलंय भरली भाजी आणि तुम्ही घरी आलात साडेनऊला, मग ती भाजी तशीच राहते, दोन दिवसांनी मऊ पडते, टाकून द्यावी लागते, आणि वर आपल्याला जमत नाही असं वाटायला लागतं ते वेगळंच.

त्यापेक्षा एका कागदावर तीन रकाने करा. पहिला, पार गळून गेल्यावरचा, म्हणजे जिथे १० मिनिटांच्या वर उभं राहवणार नाही. दुसरा, दमलेय पण अर्धा तास काढू शकते असा, त्यातही शेगडीने तिचं काम करायचं आणि आपण बसायचं. तिसरा, आज जरा बरंय असा. प्रत्येकात दोन किंवा तीनच पदार्थ लिहा, जास्त नको, आणि कागद फ्रीजवर चिकटवा. घरात पाऊल टाकलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, आज किती दमलोय, आणि त्या रकान्यातलं ज्याचं सामान आहे ते करायला घ्यायचं. एवढंच ठरवायचं उरतं.

तेच तेच पदार्थ परत परत आले तर चालतंय. रात्रीच्या जेवणात रोज नवीन काहीतरी हवं ही अपेक्षा आपणच आपल्यावर लादलेली असते, सकाळचा चहा रोज तोच असतो त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पदार्थ निवडताना ताटात तीन गोष्टी येतायत का एवढं बघा: पोट भरणारं काहीतरी (भात, बटाटा, ब्रेड, पास्ता), प्रोटीनचं काहीतरी (डाळ, अंडं, कडधान्य, दही, पनीर, चिकन) आणि एखादी भाजी, मग ती कच्ची काकडी असली तरी चालेल. नुसता भात किंवा नुसता ब्रेड खाल्ला की दोन तासांत परत भूक लागते आणि मग रात्री अकराला डबे उघडले जातात.

पायरी २: घरात कायम काय असायला हवं

इथे जरा जास्त थांबते, कारण दमलेल्या संध्याकाळचं जेवण खरंतर सामान भरतानाच ठरलेलं असतं. वाणसामान आणि भाजी आणताना दोन भाग डोक्यात ठेवा, टिकणारं आणि नासणारं. टिकणारं भरपूर आणा, नासणारं दोन तीन दिवसांपुरतंच. नवीन लोक हमखास उलटं करतात, उत्साहात पालेभाजीच्या चार जुड्या आणतात आणि डाळ संपलेली असते.

टिकणाऱ्यात तांदूळ, मसूर डाळ आणि सालं काढलेली मूग डाळ. या दोन डाळी मुद्दाम सांगतेय, कारण भिजवल्या नाहीत तरी साध्या पातेल्यातसुद्धा २० ते २५ मिनिटांत शिजतात आणि तांदळाच्या बरोबरीने शिजतात म्हणून एकत्र लावता येतात. तूर डाळ किंवा चणा डाळीला जास्त वेळ लागतो, ती थकलेल्या दिवसासाठी नाही. मग पास्ता किंवा नूडल्स, कांदे, बटाटे, लसूण. कांदे बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात, दोन्ही वेगवेगळे आणि अंधाऱ्या हवेशीर जागी.

फ्रीजमध्ये अंडी, दही, लिंबं, गाजर, कोबी. कोबी आणि गाजर फार गुणाचे, आठवडा दीड आठवडा सहज टिकतात, निवडत बसावं लागत नाही. फ्रीझरमध्ये फ्रोझन मटार, मका किंवा मिक्स भाजीचं पाकीट. फ्रोझन भाजी म्हणजे कमी प्रतीची असा बऱ्याच जणांचा समज असतो पण तसं नाहीये, या भाज्या काढणीनंतर लगेच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात त्यामुळे त्यातलं पोषण बऱ्यापैकी टिकतं, आणि अर्धवट शिजलेल्याच असल्यामुळे आपल्याकडे तीन चार मिनिटांत होतात. सोलणं नाही, निवडणं नाही, चिरणं नाही. बाजारात चिरलेली भाजी मिळत असेल आणि परवडत असेल तर तीपण आणा, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही, फक्त ती लवकर खराब होते म्हणून एक दोन दिवसांत संपवा.

डबाबंद शिजवलेले छोले किंवा राजमा मिळत असेल तर एक दोन डबे कपाटात असू द्या. उघडायचा, पाणी काढून टाकायचं, धुवायचं, झालं प्रोटीन तयार.

पायरी ३: घरात आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

हे कळलं की अर्धी लढाई जिंकली. घरात आल्यावर आधी बसायचं नाही. चप्पल काढा, हात धुवा आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन शेगडीवर काहीतरी चढवा, मग कपडे बदला, मग बसा. काय चढवायचं? पास्ता करायचा असेल तर पाण्याचं पातेलं, अंडी उकडायची असतील तर तेच, डाळ तांदूळ लावायचे असतील तर ते धुवून पाण्यात ठेवा. मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायला दहा मिनिटं तरी जातातच, ती तुम्ही पाण्याकडे बघत घालवली काय आणि तोंड धुण्यात घालवली काय, पाण्याला फरक पडत नाही पण तुम्हाला पडतो. फक्त शेगडी पेटवून दुसऱ्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं नाही, दमलेला माणूस कधी झोपेल सांगता येत नाही. गजर लावा, आणि झोप अनावर असेल तर शेगडीऐवजी नुसते तांदूळ भिजत ठेवा.

भूक अगदीच अनावर असेल तर मूठभर शेंगदाणे किंवा एखादं केळं खाऊन घ्या. रिकाम्या पोटी चिडचिड करत केलेला स्वयंपाक करपतो तरी नाहीतर कच्चा तरी राहतो.

पायरी ४: आता प्रत्यक्ष पदार्थ

गळून गेलेल्या दिवसासाठी: अंडी

अंड्याइतकं पटकन होणारं पूर्ण जेवण दुसरं नाही. उकळत्या पाण्यात अलगद सोडलेलं अंडं ७ मिनिटांत पांढरं घट्ट आणि पिवळं मऊसर असं होतं, १० ते ११ मिनिटांत पूर्ण कडक. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाका म्हणजे आतल्या उष्णतेने पुढे शिजत राहत नाही आणि सालपण नीट निघतं. कडक उकडलेली अंडी सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात, म्हणून उकडायला घेतलीच तर सहा घ्या, उरलेली पुढच्या दमलेल्या दिवसाला.

पण मला स्वतःला दमल्यावर जे आवडतं ते टोमॅटोत शिजवलेलं अंडं, हे नीट सांगते. पॅनमध्ये दोन चमचे तेल, त्यात तीन चार लसणीच्या पाकळ्या ठेचून. गॅस मंदच ठेवा, लसूण करपायला क्षणभर पुरतो आणि करपला की कडू, मग काही केल्या ती चव जात नाही. वास सुटला आणि कडा जेमतेम सोनेरी झाल्या की तीन टोमॅटो बारीक चिरून टाका, मीठ आणि तिखट घाला, आता गॅस मोठा. सुरुवातीला टोमॅटोचं पाणी सुटून नुसतं बुडबुडतं, आवाज मऊ असतो, मग पाणी आटत जातं तसा आवाज बदलतो, तडतड व्हायला लागते आणि चमचा फिरवला की पॅनचा तळ क्षणभर दिसतो. तिथे थांबायचं. चमच्याने दोन तीन खळगे करायचे, एकेकात एक अंडं फोडायचं, गॅस बारीक, वर झाकण. चार पाच मिनिटांत पांढरं पूर्ण घट्ट होतं, पिवळं तुम्हाला हवं तेवढं शिजू द्या (लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस खाणार असेल तर पिवळंपण घट्ट होऊ द्या). ब्रेडबरोबर खा, भाताबरोबर खा, पॅन तसंच टेबलावर ठेवून खा. धुवायला एक पॅन आणि एक चमचा.

अंडं खात नसाल तर त्याच टोमॅटोत डब्यातले छोले किंवा पनीरचे तुकडे टाका, झाकण ठेवून पाच मिनिटं.

दमलेय पण अर्धा तास आहे: कुकरमधली डाळ तांदळाची खिचडी

हिला कमी लेखू नका. डाळ आणि तांदूळ एकत्र खाल्ले की प्रोटीनची बाजू चांगली भरून निघते, तांदळात जे अमिनो आम्ल कमी असतं (लायसिन) ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात मिळतं. शिवाय एकच भांडं आणि कुकर बंद केल्यावर तुम्ही मोकळे.

दोघांसाठी एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूग किंवा मसूर डाळ, दोन तीनदा धुवून. कुकरमध्येच तेल किंवा तूप गरम करा, जिरं टाका, ते तडतडलं की चिरलेला कांदा, आलं लसूण असेल तर ते, हळद, मग हाताला लागेल ती भाजी, गाजर, मटार, कोबी, बटाटा, फ्लॉवर, सगळं चालतं फक्त बटाट्याच्या फोडी लहान ठेवा. दोन मिनिटं परतून डाळ तांदूळ घाला आणि पाणी, मोकळी हवी असेल तर साडेतीन वाट्या, मऊ हवी असेल तर पाच, सहा घातलंत तर चमच्याने पिता येईल अशी होते. मीठ. पाण्याची चव घेऊन बघा, ते पाणी थोडं जास्त खारट लागलं पाहिजे कारण डाळ तांदूळ मीठ ओढून घेतात. झाकण लावा, तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून चार पाच मिनिटं, मग बंद. शिट्ट्यांचा हिशोब कुकरगणिक थोडा बदलतो, दोन तीनदा केलंत की तुमच्या कुकरचा अंदाज येईल.

नवीन माणसाला कुकरची धास्ती असते म्हणून दोन शब्द. साध्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, कितीही मोठा गॅस करा. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. सांभाळायचं एवढंच की डाळ तांदूळ पाण्यासकट अर्ध्या कुकरच्या वर जाऊ नयेत, डाळीला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकतो, शिट्टीचं भोक दर वेळी उजेडात धरून मोकळं आहे का बघा, आणि गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाशी झटापट करू नका. दाब उतरला की झाकण सहज निघतं, निघत नसेल तर अजून वेळ आहे.

एक बारीकसं: टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काही डाळीत सुरुवातीलाच जास्त घातलं तर डाळ लवकर मऊ होत नाही. कुकरमध्ये एखाद्या टोमॅटोने फार बिघडत नाही, पण पातेल्यात शिजवत असाल तर डाळ शिजल्यावरच आंबट घाला. कितीतरी जण डाळ शिजत नाही म्हणून गॅस वाढवत बसतात आणि कारण हे असतं.

आज जरा बरंय: एका पातेल्यातला पास्ता, नाहीतर भाजलेल्या भाज्या

पास्ता माणशी १०० ग्रॅम कोरडा. उकळत्या खारट पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी ठेवा, बहुतेकांना ८ ते १२ मिनिटं लागतात, आणि शेवटच्या तीन मिनिटांत त्याच पाण्यात मटार किंवा ब्रोकोली टाका म्हणजे भाजीसाठी वेगळं भांडं नाही. गाळताना एक वाटी पाणी बाजूला काढा, ते पिठूळ झालेलं असतं आणि त्यानेच पुढे सगळं एकजीव होतं. त्याच रिकाम्या पातेल्यात तेल, लसूण, थोडं तिखट किंवा मिरपूड, मग पास्ता आणि भाजी परत आत, ते राखलेलं पाणी थोडं थोडं घालत हलवा, वर चीज किसा किंवा लिंबू पिळा. प्रोटीनसाठी छोले नाहीतर ते उकडून ठेवलेलं अंडं.

ओव्हन किंवा मोठा ओटीजी असेल तर अजून सोपं. बटाटा, गाजर, फ्लॉवर, कांदा यांच्या साधारण सारख्या फोडी करा, तेल मीठ मसाला चोळा, ट्रेमध्ये एका थरात पसरा, २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, मध्ये एकदा हलवा. एका थरात हे महत्त्वाचं. फोडी एकमेकींवर चढल्या की त्यांच्यातली वाफ निघून जायला वाव राहत नाही आणि त्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. पदार्थाला जो खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे येतो, आणि ओलं आहे तोवर वरचा भाग १०० च्या पुढे जातच नाही. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया पहिल्यांदा मांडली म्हणून तिला त्याचंच नाव आहे. पॅनमध्ये परततानाही हेच, भाजी गच्च भरली की पाणी सुटतं आणि सगळं गिळगिळीत होतं, त्यापेक्षा दोन खेपांत करा.

पायरी ५: सुट्टीच्या दिवशी एक तास, जास्त नको

अख्खा दिवस स्वयंपाकात घालवून आठवड्याचे डबे भरणारे लोक आहेत, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, पण सुट्टीचा दिवस विश्रांतीचा असतो आणि तो असाच गेला तर दुसऱ्या दिवशी परत दमलेलेच. म्हणून एकच तास आणि त्यात जास्तीत जास्त वेळखाऊ काम उरकायचं. ते काम म्हणजे कांदा परतणं. रेसिपींमध्ये बिनधास्त लिहिलेलं असतं, कांदा पाच मिनिटं परता, सोनेरी झाला की पुढे जा. पाच मिनिटांत कांदा फारतर पारदर्शक होतो. नीट सोनेरी व्हायला मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं लागतात, आणि ३० मिनिटांत होणारी म्हणून दाखवलेली रेसिपी तासभर का चालते याचं कारण इथेच असतं.

तर सुट्टीला अर्धा किलो कांदे चिरून एकदमच परता. सुरुवातीला चिमूटभर मीठ टाकलं की पाणी लवकर सुटतं आणि कांदा लवकर मऊ पडतो. सोनेरी झाला की आलं लसूण, मग पाच सहा टोमॅटो, बाजूने तेल दिसेपर्यंत आटवा. गार झालं की छोट्या डब्यांत भरा, एक डबा म्हणजे एका वेळची भाजी. फ्रीजमध्ये तीन चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन तीन महिने आरामात. पिशवीत भरून चपटं करून गोठवलं तर विरघळायला फार वेळ लागत नाही, गोळा करून गोठवलं तर तासनतास बसा वाट बघत. हा मसाला घरात असला की उकडलेला बटाटा, छोले, मटार पनीर, अंडा करी, यातलं काहीही १० ते १५ मिनिटांत होतं, म्हणजे "जरा बरंय" रकान्यातले पदार्थ उचलून "गळून गेलेय" रकान्यात टाकता येतात.

उरलेल्या वेळात चार बटाटे उकडा, वाटीभर कडधान्य भिजत घाला. राजम्याबद्दल मात्र नीट ऐका. कच्च्या किंवा अर्ध्या कच्च्या राजम्यात असा घटक असतो की थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या जुलाब होऊ शकतात. सात आठ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात निदान १० मिनिटं तरी खळखळ उकळलाच पाहिजे आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरमध्ये लावलात आणि मऊ शिजला तर प्रश्न नाही, पण मंद आचेवर तासनतास शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं वर जात नाही. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे काही नको.

पायरी ६: उरलेलं अन्न

मी मुद्दाम जास्त करा म्हणते कारण आज दोन वाट्या तांदूळ लावले तर उद्याची संध्याकाळ सुटते. गार झालेला भात परतायला ताज्यापेक्षा चांगला, फ्रीजमध्ये दाणे कोरडे आणि घट्ट होतात त्यामुळे चिकटत नाहीत. तेलात लसूण, बारीक चिरलेला कोबी गाजर, एक दोन अंडी फोडून हलवायची, मग भात, मीठ मिरपूड, सात आठ मिनिटांत जेवण.

पण भात रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम केल्यानेही जात नाही. म्हणून वास येत नाहीये, म्हणजे चांगला असेल, हा हिशोब भाताला लागू नाही. जेवण झालं की उरलेला भात पसरट भांड्यात काढा, म्हणजे लवकर निवतो, आणि तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवून टाका. बाकीच्या शिजवलेल्या अन्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर नको, फ्रीज ५ अंशांच्या खाली, आणि परत गरम करताना आतपर्यंत वाफाळेल इतकं, म्हणजे ७० अंशांच्या वर. मायक्रोवेव्हमध्ये गरम करत असाल तर मध्ये एकदा काढून हलवा, नाहीतर कडेला चटका बसतो आणि मधे गारच. परत परत गरम करू नका, लागेल तेवढंच काढून घ्या.

पायरी ७: चव लागत नसेल तर

नवीन लोकांचं जेवण बेचव लागतं तेव्हा ते मसाला वाढवतात. बहुतेक वेळा कमी असतं ते मीठ किंवा आंबट. आधी चिमूटभर मीठ घालून चाखा, मग अर्धं लिंबू पिळून चाखा, फरक जिभेला लगेच कळेल. मऊ पदार्थाबरोबर काहीतरी कुरकुरीत असलं की जेवण पूर्ण वाटतं, भाजलेले शेंगदाणे, कच्चा कांदा, काकडी, भाजलेला ब्रेड. शेवटी चमचाभर तेलात लसूण किंवा जिरं तडतडवून वरून ओतलं की कालची डाळसुद्धा ताजी वाटते. खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ ओढून घेतो वगैरेच्या मागे लागू नका, सरळ पाणी, दही किंवा अजून डाळ भाजी घालून वाढवा.

आणि भांडी. पॅन रिकामं झालं की लगेच त्यात पाणी ओतून ठेवा, वाळलेली डाळ घासायला दहापट ताकद लागते. शिजत असतानाच्या मोकळ्या वेळात सुरी आणि विळी धुवून टाका. घरात दोघं तिघं असाल तर जो स्वयंपाक करेल त्याने भांडी घासायची नाहीत हे आधीच बोलून घ्या, दमल्यावर त्यावर बोलायला बसलं की भांडणच होतं.

पहिल्या आठवड्यात यातलं सगळं करायला जाऊ नका. अंडं टोमॅटो आणि खिचडी, दोनच पदार्थ घ्या, तीन चार वेळा करा, रेसिपी न बघता हात चालायला लागला की मग तिसरा पदार्थ घ्या, आणि तोवर बाकीच्या रात्री दही, ब्रेड, उकडलेलं अंडं, काकडी असं जेवलात तरी ते घरचंच जेवण आहे.